सांगलीत डिलिव्हरीला लागताय? खोटा रिमार्क न मारता दिवस कसा काढायचा

रात्रीचे नऊ वाजले होते. दुधगाव रोडला कवठेपिरानच्या अलीकडं चहाच्या गाड्यावर थांबलो होतो आणि गाडीत अकरा पार्सलं उरली होती. टीएलचा, म्हणजे टीम लीडरचा फोन आला, "राहिलेली सगळी क्लोज कर, उद्या लोड मोठा आहे." 'क्लोज कर' म्हणजे नक्की काय, हे तोवर मला कळलं होतं. तिथंच बसून ॲपमध्ये दहा पार्सलांवर 'ग्राहक उपलब्ध नाही' असा रिमार्क, म्हणजे पार्सल न पोचल्याचं कारण, मारला. अकराव्याला बोट एक ओळ खाली पडलं आणि 'ग्राहकाने घेण्यास नकार दिला' असं लागलं.

त्या पार्सलात विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचा पार्ट होता, पैसे आधीच भरलेले. 'उपलब्ध नाही' मारलेलं पार्सल दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरायला निघतं. 'नकार' मारलेलं सरळ परतीच्या वाटेला लागतं. चौथ्या दिवशी तो शेतकरी हबवर, म्हणजे पार्सलं वाटायला निघतात त्या गोदामावर आला आणि मोबाईलमधली कॉलची यादी उघडून टेबलावर ठेवली. त्यात माझा एकही फोन नव्हता. टीएल माझ्याकडं बघून म्हणाला, "मी असं कधी सांगितलं रे?" लिहून कुठंच काही नव्हतं. माझा ॲपमधला आयडी आठ दिवस बंद राहिला, आठ दिवसांचा रोज गेला.

त्यानंतर पाच वर्षं हेच काम केलं, आधी दुचाकीवर, मग छोट्या हत्तीवर. आता नवीन पोरं विचारायला येतात, "दादा, वेळेत पण द्यायचं, वरच्याचं पण ऐकायचं आणि खोटं पण बोलायचं नाही, कसं जमायचं?" जमतं. रोज जमत नाही, पण बऱ्याच दिवशी जमतं. खालचं सगळं पार्सलच्या कामाचं आहे. जेवण पोचवायच्या कामाचं गणित वेगळं असतं, ते यात नाही.

1. आधी कागद गोळा करा

- आधार, पॅन, बँक पासबुकाची किंवा रद्द केलेल्या चेकची प्रत, चार फोटो
- वाहन परवाना, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी
- पोलीस पडताळणीचा दाखला (बहुतेक ठिकाणी मागतात, अर्ज ऑनलाइन होतो, पण वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी)
- ई-श्रमची नोंदणी (असंघटित कामगारांची सरकारी नोंद)

परवाना आणि आरसी डिजिलॉकरमध्ये घालून ठेवा. रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर ते ग्राह्य धरलं जातं, पावसात कागद भिजायचा प्रश्नच नाही. छोटा हत्ती चालवायचा असेल तर वेगळा परवाना लागतो असं सांगून पैसे उकळणारे एजंट आहेत. साडेसात हजार किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा, म्हणजे एलएमव्ही परवाना चालतो. सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली हे सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. गाडी मात्र पिवळ्या पाटीची हवी.

विम्याबद्दल एक इशारा. घरच्या वापरासाठी काढलेल्या दुचाकीच्या विम्यावर तुम्ही धंदा करत असाल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा अडवू शकते. विमावाल्याला आजच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शिवाय बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना सुरू करा. वर्षाला 20 रुपये कापतात, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण मिळतं. एका चहा-वड्याच्या पैशात वर्ष निघतं, तरी हबवर दहातल्या सहाजणांनी ती घेतलेली नसते.

2. 'हो' म्हणण्याआधी पाच प्रश्न

पाटी मोठ्या कंपनीची असते, पण तुम्हाला घेतो बहुतेकदा मधला व्हेंडर, म्हणजे ठेकेदार. म्हणून विचारा: पैसे पार्सलमागं की महिन्याला? न पोचलेल्या पार्सलाचे काही मिळतात का? पेट्रोल कुणाचं? माल हरवला, फुटला तर डेबिट, म्हणजे पैशांची कपात, कुणावर आणि ते ठरवतो कोण? पगाराची तारीख कुठली?

यातला चौथा प्रश्न विचारल्यावर समोरचा हसला आणि "अरे तसं काय होत नाही आपल्याकडं" म्हणाला, तर समजा तसं होतं. उत्तरं मिळाल्यावर घरी येऊन व्हॉट्सॲपवर त्यालाच पाठवा: "सर, आज बोलल्याप्रमाणं दर अमुक, पेट्रोल तमुक, बरोबर ना?" त्यानं नुसता अंगठा दाखवला तरी तो तुमचा कागद.

3. सकाळी हबवर: पहिली वीस मिनिटं

ही वीस मिनिटं वाचवणारा संध्याकाळी दोन तास घालवतो. रनशीटवर (दिवसाच्या पार्सलांच्या यादीवर) 80 आणि पिशवीत 79 असं आठवड्यातून एकदा तरी होतंच. स्वतः मोजा, स्वतः स्कॅन करा. "आधीच स्कॅन केलंय, घेऊन जा" असं कुणी म्हटलं तर गोड बोलून पुन्हा मोजा. तुमच्या नावावर चढलेलं आणि हातात नसलेलं पार्सल म्हणजे संध्याकाळचं डेबिट.

फाटलेला, ओला, टेप पुन्हा लावलेला खोका दिसला तर तिथंच फोटो काढा आणि इनचार्जला दाखवा. हबच्या बाहेर काढलेल्या फोटोला किंमत नाही, कारण मग तो तुम्हीच फाडला असं धरतात.

4. रूट लावताना सांगली ओळखा

ॲप जो क्रम लावतं तो नकाशाकडं बघून लावतं. गणपती पेठेत सकाळी माल उतरवायला टेंपो लागले की तिथं गाडी वळतसुद्धा नाही, हे त्याला माहीत नसतं. मी दुकानांची पार्सलं अकराच्या आत किंवा थेट चारनंतर घेतो. विश्रामबाग, विजयनगर, शंभर फुटी रोडकडच्या अपार्टमेंट दुपारी, कारण वॉचमन असतो आणि एका इमारतीत पाच-सहा पार्सलं निघतात. कुपवाड एमआयडीसीत जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, गेटवर अर्धा तास जातो.

पिनकोडवर विश्वास ठेवू नका. सांगली 416416, विश्रामबागकडं 416415, मिरज 416410. लोक मिरजेत राहून सांगलीचा पिन टाकतात, आणि ते पार्सल तुमच्याच पिशवीत येतं. हे हबवरच निवडून बाजूला काढा.

गावाकडचे पत्ते म्हणजे वेगळाच खेळ. 'मारुती मंदिराजवळ' हा पत्ता कुठल्याही गावात चालतो. 'पाटील मळा' म्हणून विचारलं तर निम्मं गाव हात वर करतं. गावात शिरण्याआधी फोन करा, फाट्यावर पोचल्यावर नाही. आणि कारखाने सुरू झाले की आष्टा-इस्लामपूर बाजूला उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकाल, तेव्हा त्या दिवसांत प्रत्येक फेरीला जास्तीची वीस मिनिटं धरा. दिवाळीच्या सेलचा लोड आणि गळीत हंगाम पाठोपाठ येतात, त्यामुळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा कामाला लागणाऱ्याला वाटतं हे आपल्याला झेपणारच नाही.

5. वेळेचं गणित सकाळीच मांडा

साडेनऊला हब सोडलं, सातला परत यायचं, मध्ये जेवणाचा अर्धा तास. उरले नऊ तास, 540 मिनिटं. पार्सलं 80. एका पार्सलाला पावणेसात मिनिटं. ऐकायला बरं वाटतं. आता त्यातली वीस मळ्यातली आहेत असं धरा. एकेकाला वीस मिनिटं दिली तरी 400 मिनिटं तिथंच गेली. उरलेल्या 140 मिनिटांत साठ पार्सलं, म्हणजे एकाला सुमारे सव्वादोन मिनिटं. गाडी लावायची, खोका शोधायचा, जिना चढायचा, ओटीपी घ्यायचा, सुट्टे पैसे द्यायचे. होत नाही.

न होणारं काम न होणारं आहे हे सकाळी दहाला कळतं. बहुतेक पोरं ते रात्री नऊला सांगतात आणि तिथंच फसतात. दहाला टीएलला मेसेज टाका: "सर, आज 80 आहेत, त्यातली 20 मळ्यातली. 60-65 होतील. बाकीची कुणाला देता येतील का, की आधी कुठली घेऊ ते सांगा." तो चिडेल. चिडू दे. मला दोन-तीन वेळा खरोखरच जोडीला माणूस मिळाला, कारण सकाळी त्याच्या हातात माणूस असतो, रात्री नसतो.

6. रिमार्क: सगळी गोम इथं आहे

ॲप उघडून 'डिलिव्हरी झाली नाही' दाबलं की कारणांची यादी येते. ग्राहक उपलब्ध नाही. दार बंद. पत्ता चुकीचा. ग्राहकाने नकार दिला. ग्राहकाने दुसरी तारीख मागितली. ती नीट वाचा. मी वापरलेल्या ॲपांत 'मला वेळ पुरला नाही' हे कारण कधी दिसलं नाही. यादीत चूक कायम ग्राहकाची. त्यामुळं खरं बोलणाऱ्याला दाबायला बटणच नसतं, आणि नवा माणूस 'जवळचं' काहीतरी दाबून मोकळा होतो.

यातून तीन वाटा निघतात.

पहिली, आणि सगळ्यात कामाची: ग्राहकाला खरोखर फोन करा. दुपारी तीन-चारला, यादीतली जी होणार नाहीत असं दिसतंय त्यांना. "काकू, पार्सलवाला बोलतोय. आज यायला रात्रीचे नऊ होतील, की उद्या सकाळी अकराच्या आत आणू?" बरेच लोक उद्या म्हणतात. रात्री नऊला दारात कोण उभं राहिलेलं कुणाला आवडतं? आता 'दुसरी तारीख मागितली' हा रिमार्क खरा झाला, फोनची नोंद तुमच्याकडं आहे आणि त्यांच्याकडंही. पण निवड त्यांना द्या. "उद्या आणतो हां" म्हणून फोन ठेवला तर ती निवड नव्हे. आणि समोरून "आजच पाहिजे, औषध आहे" आलं, तर ते पार्सल पिशवीच्या तळातून वर काढा. मी अशांना पेनानं खोक्यावर फुली मारतो.

दुसरी: फोन लागलाच नाही, तर पार्सल हबवर परत न्या आणि 'न फिरवलेलं' म्हणून जमा करा. इनचार्ज म्हणेल, "काहीतरी रिमार्क टाक ना बाबा, माझी टक्केवारी पडते." त्याचंही खोटं नसतं, त्यालाही वरून रोज आकडा विचारतात. तरी रिमार्क त्याच्या लॉगिनमधून टाकायला सांगा. एकदा एकजण मला म्हणाला, "मी कशाला टाकू, माझ्या नावावर येईल." मग माझ्या नावावर आलेलं कसं चालतं?

तिसरी: खरंच गेलात आणि दार बंद होतं, तर दाराचा फोटो, दोन वेळा फोन, शेजाऱ्याला विचारणं. घरी न जाता कोपऱ्यावरून मारलेला रिमार्क आता बऱ्याच ॲपांत जीपीएसमुळं पकडला जातो, पण नुसत्या त्या भीतीनं हे करायला नको. पत्ता सापडला नाही तर 'पत्ता चुकीचा' मारण्याआधी किराणा दुकानात विचारा. त्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा दुकानदाराला माहीत असतं.

'नकार दिला' हा रिमार्क ग्राहकानं तोंडानं नकार दिल्याशिवाय कधीही मारू नका. का, ते वर सांगितलंच आहे.

जाता जाता: हबवर 'आरटीओ झालं' असं ऐकलं तर पहिल्या दिवशी दचकू नका. मला वाटलं होतं गाडी पकडली. तिथं आरटीओ म्हणजे पाठवणाऱ्याकडं परत गेलेलं पार्सल.

7. ओटीपी

ओटीपी म्हणजे ग्राहकाची सही. माल हातात द्यायच्या आधी मागू नका, फोनवर तर नाहीच. "मावशी, ओटीपी सांगून ठेवा, मी खाली वॉचमनकडं ठेवतो" हे रोज होतं आणि रोज खपून जातं. ज्या दिवशी वॉचमनकडून खोका गायब होतो, त्या दिवशी ॲप म्हणतं माल पोचला, मावशी म्हणतात नाही पोचला, आणि मधे तुम्ही. शेजारी ठेवायला ग्राहकानंच सांगितलं तर व्हॉट्सॲपवर एक ओळ मागा: "शेजारी अमुक यांच्याकडं द्या." मगच द्या, आणि घेणाऱ्याचं खरं नाव टाका.

महिनाअखेरीला 'आधी डिलिव्हर्ड मार, उद्या नेऊन दे' असा आदेश येतो. सगळ्यात घातक हाच. रात्रभर ते पार्सल कागदावर ग्राहकाकडं असतं आणि प्रत्यक्षात तुमच्या गाडीत. ते चोरीला गेलं तर काय सांगाल? विश्वासानं सोपवलेल्या मालाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हा आहे. तुमच्या मनात चोरी नव्हती, हे मग तुम्हाला चौकीत बसून समजावून सांगावं लागतं.

8. वरून चुकीचा आदेश आला तर

भांडू नका. टीएलशी भांडून रूट सुधारत नाही, उलट दुसऱ्या दिवशी सगळे मळे तुमच्याच पिशवीत येतात. माझी पद्धत साधी आहे. फोनवर आदेश आला की "बरं सर" न म्हणता म्हणायचं, "सर, ग्रुपवर टाका ना, म्हणजे मी त्याप्रमाणं करतो." दहातल्या आठ वेळा तो आदेश ग्रुपवर येतच नाही. कोण लिहून देणार?

तरीही रेटलं तर तुम्हीच लिहा: "सर, फोनवर बोललात की 14 पार्सलं डिलिव्हर्ड मारायची. ती गाडीत आहेत, मी हबवर जमा करतोय." एवढंच. आरोप नको, उपदेश नको, सोबत्यांना टोमणे नकोत. ज्यांनी मारलं त्यांच्या घरचं तुम्हाला माहीत नसतं.

किंमत मोजावी लागत नाही असं नाही. मला एक महिना सगळ्यात वाईट रूट मिळाला. चाळीस वर्षांचा एक सहकारी होता, त्याला दुसऱ्या हबवर काम शोधावं लागलं. तुमच्या अंगावर गाडीचा हप्ता असेल तर पहिल्याच आठवड्यात ताठ मान करू नका असंही मी सांगतो. पण एक रेघ ठरवा. माझी रेघ अशी: न दिलेलं 'दिलं' म्हणायचं नाही आणि न झालेला नकार ग्राहकाच्या तोंडी घालायचा नाही. बाकी टक्केवारीच्या खेळात कुठं ताणायचं, कुठं सोडायचं, ते ज्याचं त्यानं बघावं.

9. रोकड

सीओडीचे, म्हणजे माल देताना ग्राहकाकडून घेतलेले पैसे वेगळ्या पाकिटात. पेट्रोल, चहा, घरचा गॅस, कशालाही त्यातले पैसे 'उद्या भरतो' म्हणून काढू नका. हे काम सुटलेल्यांतली निम्मी पोरं रिमार्कमुळं नाही, तर या 'उद्या भरतो'मुळं सुटलेली मी पाहिली. ऑनलाइन पैसे ॲपमधल्या क्यूआरवरच घ्या. स्वतःच्या नंबरवर घेतलेत तर हेतू कितीही चांगला असो, दिसायला ती अफरातफरच दिसते. संध्याकाळी भरणा केला की पावती किंवा नोंदीचा फोटो काढूनच हब सोडा.

10. परतीचा माल उचलताना

खोका उघडून बघा. मोबाईलच्या खोक्यात साबण निघतो, हे नुसतं गमतीनं सांगत नाहीत. ग्राहक चिडला तर म्हणा, "दादा, माझ्यावर येतं." समजून घेतात.

11. पाऊस, पूर आणि पडापड

सांगलीत काम करायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी रोज सकाळी बघायची सवय लावा. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागांत त्याच्या बरंच आधी पाणी शिरतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पातळी 57 फुटांवर गेली होती. अशा दिवसांत तिथल्या लोकांनी घरं सोडलेली असतात. त्यांना फोन करून नवा पत्ता किंवा पुढची तारीख घ्या. पाण्यातून गाडी घाला असं कुणीही सांगितलं तरी घालू नका, आणि फोटो ग्रुपवर टाका.

घाईत सिग्नल तोडलात तर चलन तुमच्या नावावर येतं, हबच्या नाही. पडलात तर आधी दवाखाना, मग हबला फोन, मग गाडीचा आणि मालाचा फोटो. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. त्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार ही ओळख कायद्यात आली आणि ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षा निधीत भरायची तरतूद आहे. तुमच्यापर्यंत त्यातलं काही पोचायचं तर नोंदणी हवी, म्हणून पहिल्याच यादीत ई-श्रम लिहिलं.

12. काम सोडताना

रागात फोन बंद करून घरी बसू नका. शेवटच्या दिवशी सगळी पार्सलं आणि रोकड जमा करा, 'याच्याकडून काही येणं बाकी नाही' असं हबकडून लिहून घ्या, थकलेल्या पैशांची तारीख मेसेजवर मागा. आयडी बंद झाल्याचा मेसेज हातात येईपर्यंत सिमकार्ड बदलू नका. माझ्या एका मित्राचा आयडी तो सोडून गेल्यावर तीन आठवडे दुसरंच कोणीतरी चालवत होतं, आणि त्यावर मारलेल्या रिमार्कांच्या तक्रारींसाठी फोन यालाच येत होते.